धान्याविना ब्रेड: शिंगाडा, राजगिरा आणि इसबगोल वापरून नाजूक पोटासाठी घरगुती पद्धत

नाशिकमध्ये मिसळ खाऊन पोट फुगले की दोष पावाच्या माथी मारून लोक मोकळे होतात. रश्शातला कांदा-लसूण, मोड आलेली मटकी, वरची तर्री आणि शेवेतले बेसन यांपैकी कोणावरही संशय जात नाही. आधी पाव बंद होतो, पाठोपाठ पोळी बंद होते आणि पुढे ‘धान्यच नको’ इथपर्यंत मजल जाते. धान्य न घालता घरी ब्रेड करता येतो आणि तो चवीला चांगलाही लागतो. मात्र धान्य काढले एवढ्यानेच तो पोटाला मानवतो असे नाही. धान्याच्या जागी काय घातले, किती घातले, ब्रेड पूर्ण भाजला गेला का आणि पहिल्या दिवशी किती खाल्ला, यांवर सगळे अवलंबून असते.

आधी तपासणी

ओव्हन तापवण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. सीलिअ‍ॅक या आजारात गहू, सातू आणि राय या धान्यांमधील ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तराला इजा पोहोचवते. त्याचे निदान करण्यासाठी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि बहुतेक वेळा एंडोस्कोपीतून घेतलेल्या आतड्याच्या सूक्ष्म तुकड्याची तपासणी केली जाते. या दोन्ही तपासण्या आहारात गहू चालू असतानाच कराव्या लागतात. आधीच महिनोन्‌महिने गहू बंद केला असेल, तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो, आणि मग निदानासाठी पुन्हा गहू खाण्याची वेळ येते. म्हणून शंका असेल तर क्रम असा असावा: आधी डॉक्टर, मग तपासणी आणि त्यानंतरच आहारातील बदल.

ज्यांना सीलिअ‍ॅक आहे त्यांना तांदूळ, ज्वारी, बाजरी, नागली आणि मका ही धान्ये चालतात, कारण त्यांत ग्लुटेन नसते; त्यांनी सगळीच धान्ये सोडण्याचे कारण नाही. चिडखोर आतड्याचा, म्हणजे आयबीएसचा त्रास असलेल्यांचे गणित वेगळे असते. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने विकसित केलेल्या फॉडमॅप आहारपद्धतीनुसार (आतड्यात आंबून गॅस करणारी कर्बोदके मोजून-मापून खाण्याची ही पद्धत) गव्हातील खटकणारा घटक बहुधा ग्लुटेन नसून फ्रुक्टन ही कर्बोदके असतात, आणि तीच कांद्या-लसणातही भरपूर असतात. लासलगावचा कांदा ज्या जिल्ह्यातून देशभर जातो, तिथे हे पटवणे अवघड आहे, पण रोजच्या फोडणीतला कांदा तसाच ठेवून केवळ पोळी बंद केल्याने अनेकांना उतार पडत नाही, तो यामुळेच. आयबीएस असलेल्यांपैकी बहुतेकांना भात चालतो.

मग धान्यरहित ब्रेड कोणासाठी? एकाहून अधिक धान्यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी, डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी ठरावीक काळ धान्य बंद ठेवायला सांगितलेल्यांसाठी, आणि नोंदवही ठेवून स्वतःचा अनुभव नीट तपासलेल्यांसाठी. आपोआप वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, हिमोग्लोबिन सतत कमी असणे किंवा पोटदुखीने रात्री जाग येणे यांपैकी काहीही होत असेल, तर ब्रेडचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

पिठे कोणती आणि का

मराठी घरात धान्यरहित पिठांची परंपरा आयतीच आहे, ती म्हणजे उपवासाचा डबा. त्यात एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. भगर उपवासाला चालते म्हणून ती धान्य नव्हे असा समज आहे. प्रत्यक्षात भगर म्हणजे वरी, आणि वरी हे नागलीसारखेच तृणकुळातले भरडधान्य आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात ती पिकते. त्यामुळे जिथे धान्य पूर्ण वर्ज्य आहे, तिथे भगर आणि भगरीचे पीठ दोन्ही बाद.

शिंगाड्याचे पीठ हा या ब्रेडचा पाया आहे. शिंगाडा हे पाणवनस्पतीचे फळ असून त्याच्या पिठात मुख्यतः स्टार्च असते. ते पाणी भरपूर ओढते आणि भाजल्यावर घट्ट बसते. नुसत्या शिंगाड्याचा ब्रेड मात्र जड आणि किंचित रबरी होतो, म्हणून त्याला राजगिऱ्याची जोड द्यावी. राजगिरा गवताच्या कुळातला नाही, ते एका पालेभाजीवर्गीय झाडाचे बी आहे. त्याच्यामुळे प्रथिने वाढतात आणि ब्रेडला मऊपणा येतो. त्याचा मातकट वास काहींना आवडत नाही आणि काही कडक आहारपद्धतींत तोही धान्यासारखाच वर्ज्य मानतात. अशांनी त्याऐवजी शिंगाडाच वाढवावा आणि थोडा जडपणा स्वीकारावा.

तिसरा घटक म्हणजे हलके स्टार्च. टॅपिओका स्टार्च मिळाले तर उत्तम. नाहीतर कच्चा साबुदाणा कोरडाच मिक्सरमध्ये बारीक दळून मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळावा. हे दोन्ही कंदापासूनच होत असले तरी एकसारखे वागत नाहीत. साबुदाण्याचे दाणे तयार होताना उष्णतेने अर्धवट शिजलेले असतात, त्यामुळे त्यांचे पीठ कच्च्या स्टार्चपेक्षा जास्त पाणी पिते. आरारूट म्हणून विकली जाणारी भुकटी घेताना पाकिटावरील घटक वाचावेत, कारण आत मक्याचे स्टार्च निघाले तर धान्य मागच्या दाराने परत येते. तयार बेकिंग पावडरीतही अनेकदा मक्याचेच स्टार्च घातलेले असते.

इंटरनेटवरच्या बहुतेक धान्यरहित ब्रेडमध्ये बदामाचे पीठ असते, आणि तेही पाव किलोच्या घरात. बदाम पौष्टिक आहेत यात वाद नाही. परंतु फॉडमॅपच्या हिशेबात साधारण दहा बदाम निभावून जातात आणि त्याच्या दुपटीला त्रास सुरू होऊ शकतो. अशा ब्रेडच्या दोन जाड फोडींत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. काजूचे पीठ आणि बेसन नाजूक पोटासाठी मी सुचवणार नाही, आणि खोबऱ्याचे पीठ घ्यायचेच असेल तर चमचा-दोन चमचे पुरे.

पीठ शक्यतो ताजे असावे. नवरात्र आणि महाशिवरात्रीच्या सुमारास भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात, त्यामागे बहुधा दमट जागेत राहिलेले जुने, बुरशी लागलेले पीठ असते. रविवार कारंजा किंवा भद्रकाली परिसरातील किराणा दुकानांत वाळवलेला अख्खा शिंगाडा आणि राजगिरा मिळतो; तो निवडून घरघंटीवर दळला तर पिठाचे वय आपल्याला माहीत असते. मात्र सीलिअ‍ॅक असलेल्यांच्या घरी गव्हाची घरघंटी या कामासाठी वापरू नये. जाळीत आणि कोपऱ्यांत साचलेले गव्हाचे पीठ ब्रशने पूर्ण निघत नाही, आणि गिरणीत तर त्याची खात्री देताच येत नाही. भारतीय नियमांनुसार ‘ग्लुटेन फ्री’ पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालते, यावरून किती थोडेसे पीठ पुरेसे ठरते याचा अंदाज यावा. याच कारणाने त्यांनी स्वयंपाकघरातल्या बांधानी हिंगाकडेही पाहावे. त्यात अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

इसबगोल: या ब्रेडचा कणा

गव्हाच्या कणकेत ग्लुटेनचे ताणले जाणारे जाळे तयार होते आणि यीस्टने सोडलेला वायू त्यात अडकून पाव फुगतो. शिंगाडा-राजगिऱ्यात असे जाळे नसते. ती उणीव इसबगोलाचा भुसा भरून काढतो, कारण पाण्यात भिजला की तो चिवट, लवचिक जेल बनतो. इसबगोलाचे पीक मुख्यतः राजस्थान आणि गुजरातेत होते आणि उत्तर गुजरातेतील उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ आहे; आपल्याकडे तो औषधांच्या दुकानात ‘सत इसबगोल’ म्हणून सहज मिळतो. घेताना साधा, साखर आणि संत्र्याचा स्वाद नसलेला घ्यावा. वजन करूनच घालावा, कारण भुसा फुलका असतो आणि त्याचीच भुकटी केली की एका चमच्यात जवळपास दुप्पट मावते.

इसबगोलातील विद्राव्य तंतू आयबीएसच्या अनेक रुग्णांना मानवतात, तरीही एकदम जास्त खाल्ले तर पोट फुगते. या ब्रेडच्या एका फोडीत साधारण एक ग्रॅम इसबगोल येतो. तो खाताना सोबत पाणी प्यावे आणि थायरॉईडसारखी नियमित औषधे चालू असतील तर औषध व ब्रेड यांत अंतर किती ठेवायचे हे डॉक्टरांना विचारावे. गिळायला त्रास होणाऱ्यांनी किंवा आतड्यात अडथळा झालेला असेल अशांनी हा ब्रेड टाळावा.

प्रमाण

आठ बाय चार इंचांच्या टिनसाठी शिंगाड्याचे पीठ 120 ग्रॅम, राजगिऱ्याचे पीठ 80 ग्रॅम, टॅपिओका स्टार्च किंवा चाळलेले साबुदाणा पीठ 100 ग्रॅम, इसबगोलाचा भुसा 20 ग्रॅम, कोमट पाणी 360 मिली, इन्स्टंट यीस्ट 6 ग्रॅम, साखर 10 ग्रॅम, मीठ 6 ग्रॅम, तेल 20 मिली आणि लिंबाचा रस दोन चमचे घ्यावा. साबुदाणा पीठ वापरल्यास आणखी 20 ते 30 मिली पाणी हाताशी ठेवावे. वाटी-चमच्याने हा ब्रेड जमत नाही असे नाही, पण दर वेळी वेगळा होतो. थोडा खर्च झाला तरी डिजिटल वजनकाटा घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

साखर यीस्टसाठी आहे आणि तिचा बराचसा भाग यीस्टच संपवते. तिच्या जागी मध घालू नये, कारण मधातील जास्तीचे फ्रुक्टोज आयबीएस असलेल्यांना खटकते. लिंबाऐवजी व्हिनेगर चालेल, परंतु माल्ट व्हिनेगर सातूपासून बनते म्हणून ते नको. अंडी चालत असतील तर दोन अंडी फेटून घालावीत आणि पाणी 80 मिलीने कमी करावे. ब्रेड हलका होतो आणि फोडी तुटत नाहीत. यीस्ट उपवासाला चालते की नाही हा वाद ज्याने त्याने आपल्या घरी मिटवावा.

कृती

प्रथम मोठ्या भांड्यात 300 मिली पाणी घेऊन त्यात इसबगोल भुरभुरावा आणि लगेच झाऱ्याने किंवा व्हिस्कने जोरात फेटावा. अर्धा मिनिट थांबले तरी गुठळ्या धरतात आणि त्या पुढे काही केल्या मोडत नाहीत. पाच-सात मिनिटांत जेल तयार होते. चमचा उचलल्यावर ते ओघळत न येता एकसंध लोंबले पाहिजे.

दुसऱ्या भांड्यात तिन्ही पिठे, मीठ, साखर आणि यीस्ट एकत्र चाळावे. त्यात जेल, तेल, लिंबाचा रस आणि उरलेल्या पाण्यापैकी निम्मे पाणी घालून हाताने मळावे. सुरुवातीला पीठ कोरडे राहील, जेल वेगळे सटकेल आणि हे जमणार नाही असे वाटेल. तरीही पाच मिनिटे मळत राहावे, मधूनमधून तळहाताने भांड्याच्या कडेला दाबून रगडावे. पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि मेदूवड्याच्या पिठापेक्षा घट्ट असा गोळा हवा. बोटाने दाबल्यावर खळगा हळूहळू भरत आला आणि बोटाला थोडेच पीठ चिकटले की पाणी पुरे झाले. गोळ्याला चिरा पडत असतील तर उरलेले पाणी चमच्या-चमच्याने घालावे.

हात तेलाने माखून गोळ्याला टिनच्या आकाराचा लांबट आकार द्यावा, बटर पेपर लावलेल्या टिनमध्ये ठेवावा आणि वरचा भाग ओल्या हाताने गुळगुळीत करावा. गव्हाच्या पावासारखे दोनदा फुगवणे येथे उपयोगाचे नाही. एकदा निसटलेला वायू पुन्हा धरून ठेवायला ग्लुटेन नसते, म्हणून थेट टिनमध्ये एकदाच फुगवावे. लादीपाव हवे असतील तर याच गोळ्याचे आठ भाग करून चौकोनी ट्रेमध्ये एकमेकांना चिकटवून ठेवावेत.

फुगायला किती वेळ लागेल हे नाशिकच्या हवेवर ठरते. एप्रिल-मेमध्ये 35 ते 40 मिनिटांत काम होते आणि तासभर ठेवल्यास पीठ खाली बसते. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा गारठा शहरातही उतरतो, तेव्हा दीड-दोन तासही लागतात. अशा वेळी बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याचे पातेले ठेवून त्याच्या उबेत टिन ठेवावा. घड्याळापेक्षा आकार पाहावा. पीठ दुप्पट होण्याची वाट न पाहता दीडपट झाले की भाजायला घ्यावे.

यीस्ट नको असेल तर एक सपाट छोटा चमचा खाण्याचा सोडा पिठात चाळून घ्यावा, लिंबाचा रस तीन चमचे करावा आणि मळल्याबरोबर टिन ओव्हनमध्ये जावा. हा ब्रेड कमी फुगतो, पण घाईच्या दिवशी चालून जातो.

भाजणे

ओव्हन दोन्ही रॉड चालू ठेवून 200 अंशांवर 15 मिनिटे आधी तापवावा. टिन खालच्या जाळीवर ठेवावा आणि पहिली 20 मिनिटे तळाशी उकळत्या पाण्याची छोटी वाटी ठेवावी, म्हणजे वरचा पापुद्रा लवकर कडक होऊन फुगणे अडत नाही. नंतर वाटी काढून आणखी 35 ते 40 मिनिटे भाजावे. शिंगाडा लवकर तपकिरी होतो, त्यामुळे रंग पाहून ब्रेड बाहेर काढण्याचा मोह होतो, आणि नेमका तिथेच ब्रेड आतून कच्चा राहतो. रंग चढू लागला की वर फॉइल टाकावी आणि भाजणे चालू ठेवावे. शेवटची दहा मिनिटे ब्रेड टिनबाहेर काढून जाळीवर भाजल्यास तळ ओला राहत नाही.

ब्रेड झाला की नाही हे विणकामाच्या सुईने कळत नाही, कारण इसबगोलामुळे सुई नेहमीच थोडी चिकट निघते. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 96 ते 97 अंश सेल्सिअस दिसले पाहिजे. काही पाककृतींत 99 अंशांची अट असते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच असल्याने येथे पाणीच 98 अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे त्या आकड्याची वाट पाहण्यात ब्रेड वाळून जाईल. थर्मामीटर नसेल तर वजनकाटा उपयोगी पडतो. टिनमध्ये घालण्यापूर्वी गोळा साधारण 730 ग्रॅम भरतो. भाजून झाल्यावर ब्रेड 620 ते 640 ग्रॅमवर आलेला असावा. त्याहून जड असेल तर आत पाणी शिल्लक आहे असे समजून पुन्हा दहा मिनिटे भाजावे.

ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून, वर स्टँड ठेवून मंद आचेवर हा ब्रेड करता येतो. त्याला सव्वा तास तरी लागतो, वरून रंग येत नाही आणि झाकणाचे पाणी ब्रेडवर पडू नये म्हणून झाकणाला आतून फडके बांधावे लागते.

निववणे, खाणे, साठवणे

जाळीवर ठेवून ब्रेड किमान तीन तास निवू द्यावा. गरम असताना स्टार्च आणि इसबगोलाचे जेल सैल असते. त्या वेळी कापल्यास चाकूला लगदा लागतो आणि चांगला भाजलेला ब्रेडही कच्चा वाटतो. घरात वास दरवळत असताना हे अवघड जाते, म्हणून रात्री भाजून सकाळी कापणे सोयीचे. करवती सुरीने एक सेंटिमीटर जाडीच्या फोडी कराव्यात आणि तव्यावर किंवा टोस्टरमध्ये भाजूनच खाव्यात, कारण भाजलेली फोड कुरकुरीत होते आणि थंड फोडीपेक्षा पोटालाही हलकी वाटते.

पहिल्या दिवशी अर्धी फोड सकाळच्या नाश्त्याला खावी, सोबत दुसरा कोणताही नवीन पदार्थ नसावा. तीन दिवस तेवढ्यावरच राहून गॅस, पोटदुखी आणि शौचाची नोंद ठेवावी. त्रास नसेल तर एका फोडीवर आणि पुढे दोनवर जावे. त्रास झालाच तर सगळा ब्रेड टाकून न देता पुढच्या खेपेस एकच घटक बदलावा. राजगिरा काढून पाहावा, किंवा इसबगोल 15 ग्रॅमवर आणून पाणी 60 मिलीने कमी करावे. दोन्ही बदल एकदम केले तर कशामुळे बरे वाटले ते कळत नाही. मधुमेह असलेल्यांनी हा ब्रेड साखर वाढवत नाही असे समजू नये. शिंगाडा आणि टॅपिओका दोन्ही स्टार्चच आहेत.

बिघाडांपैकी सर्वांत जास्त दिसतो तो तळाशी राहणारा ओलसर, चिकट थर. पाणी जास्त झाले, तळ पुरेसा तापला नाही किंवा ब्रेड टिनमध्येच निवला, यांपैकी एक कारण असते. ब्रेड ओव्हनमध्ये फुगून नंतर मधोमध खचला तर तो आधी जास्त वेळ फुगू दिला होता. फोडींचा चुरा होत असेल तर इसबगोल कमी पडला किंवा पीठ कोरडे राहिले. कधी ब्रेड आतून जांभळट निघतो. तो काही कंपन्यांच्या इसबगोलामुळे येणारा रंग असतो, चवीला किंवा प्रकृतीला त्याने बाधा येत नाही, पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचे पाकीट घ्यावे.

यात कोणतेही परिरक्षक नसल्याने हिवाळ्यात दोन दिवस आणि उन्हाळ्यात एकच दिवस हा ब्रेड बाहेर टिकतो. त्यानंतर फोडींमध्ये बटर पेपर घालून डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवावा, खालच्या फ्रिजमध्ये नको, तिथे तो लवकर शिळा आणि कडक होतो. फ्रीझरमधून काढलेली फोड वितळण्याची वाट न पाहता थेट मंद तव्यावर टाकावी आणि दोन्ही बाजूंनी भाजून घ्यावी.